बासदेव पांडे: १८-१८ च्या पेचात वकील नेमका कुठे चुकला?

सांजवात

त्रिनिदाद आणि टोबॅगोचे माजी पंतप्रधान बासदेव पांडे १ जानेवारी २०२४ रोजी वारले. आपल्याकडे बातमी आली ती 'भारतीय वंशाचे त्या देशाचे पहिले पंतप्रधान' एवढ्या ओळखीवर आणि दुसऱ्या दिवशी विसरलीही गेली. माणूस त्याहून फार मोठा होता. लंडनच्या लिंकन्स इन या बॅरिस्टरांच्या संस्थेतून आलेला बॅरिस्टर, साखर कामगारांचा पुढारी, पाच वेगवेगळ्या पक्ष-आघाड्यांमधून गेलेला आणि १९९५ ते २००१ पंतप्रधान राहिलेला.

माझा प्रश्न एकाच घटनेबद्दल आहे. १० डिसेंबर २००१ ची निवडणूक. ३६ जागा, पांडेंच्या यूएनसीला १८, पॅट्रिक मॅनिंग यांच्या पीएनएमला १८. पांडे पदावर होते, मतंही त्यांच्या पक्षाला जास्त होती. तरीही त्यांनी मॅनिंगबरोबर बसून 'राष्ट्राध्यक्ष ज्याला नेमतील तो मान्य' असं कबूल केलं आणि २४ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष रॉबिन्सन यांनी मॅनिंगना नेमलं. मुरलेला वकील आपला निवाडा असा दुसऱ्याच्या हाती का देतो? मला वाटतं, इथे पांडेंनी कागद सोडला आणि माणसावर भरवसा ठेवला. जाणकारांनी लिहावं.

उसाचं_चिपाड

धागा काढल्याबद्दल आभार. आधी जरा पार्श्वभूमी देतो, नाहीतर २००१ चा संदर्भ लागणार नाही.

जन्म २५ मे १९३३, दक्षिण त्रिनिदादमधल्या प्रिन्सेस टाउनजवळ, उसाच्या पट्ट्यात. शिक्षण सॅन फर्नांडोच्या प्रेझेंटेशन कॉलेजात. त्यानंतर ऊस वजन करणारा कारकून, प्राथमिक शिक्षक, कोर्टातला नोकर अशी कामं. १९५७ ला लंडन. तिथे तीन शिक्षणं: नाट्यशिक्षण, कायदा (१९६२ मध्ये बॅरिस्टर) आणि लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी. १९६५ ला परत. १९६६ मध्ये सी. एल. आर. जेम्स यांच्या वर्कर्स अँड फार्मर्स पार्टीकडून पहिली निवडणूक. त्या पक्षाच्या झाडून सगळ्या उमेदवारांची अनामत जप्त झाली, पांडेंचीही.

ऊस वजनाच्या काट्यावरची ती नोकरी नीट लक्षात ठेवा. लहान शेतकऱ्याचं वर्षाचं उत्पन्न काट्यावर ठरतं, आणि काटा कारखान्याचा असतो. पुढचं सगळं राजकारण तिथून उगवलेलं आहे.

मैनाराणी

तिथे मराठी माणसं गेली होती का? कुतूहल म्हणून विचारते.

जहाजी_नोंदी

@मैनाराणी, जवळपास नाहीतच. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे १,४४,००० गिरमिटिये (करारावर नेलेले मजूर) त्रिनिदादला गेले, त्यांची जहाजं मुख्यतः कलकत्त्याहून आणि काही मद्रासहून सुटत. बहुतेक लोक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारचे. कोकणातले, घाटावरचे मजूर मुंबईहून मॉरिशसला गेले, म्हणून तिथे मराठी समाज आहे. 'बासदेव' हा 'वासुदेव'चाच भोजपुरी उच्चार.

पहिलं जहाज 'फतेल रझाक' ३० मे १८४५ ला पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. ३० मेची सुट्टी १९९५ मध्ये नुसती 'आगमन दिन' या नावाने सुरू झाली. 'भारतीय आगमन दिन' हे नाव १९९६ मध्ये पांडे सरकारने दिलं. त्याच वर्षी स्पिरिच्युअल बॅप्टिस्ट या आफ्रिकी परंपरेच्या पंथासाठी ३० मार्चची सुट्टीही दिली. त्या पंथाच्या उपासनेवर १९१७ ते १९५१ कायद्याने बंदी होती. हा दुसरा भाग सांगायचा राहून जातो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

कलम_७६

मूळ प्रश्नाकडे येतो. त्रिनिदादच्या १९७६ च्या राज्यघटनेचं कलम ७६ वाचलं की अर्धा गोंधळ मिटतो. त्यात दोन शक्यता आहेत.

(अ) एखाद्या पक्षाला कनिष्ठ सभागृहात बहुमत असेल, तर राष्ट्राध्यक्ष त्या पक्षाच्या नेत्याला पंतप्रधान नेमतात. इथे निवडीला वावच नाही.

(ब) कोणालाच बहुमत नसेल, किंवा पक्षाला निर्विवाद नेता नसेल, तर राष्ट्राध्यक्षांच्या मते ज्याला बहुसंख्य सदस्यांचा पाठिंबा मिळण्याची सर्वाधिक शक्यता आहे, त्याला नेमायचं.

समसमान झाल्यास काय, हे कुठेच नाही. जास्त मतं मिळवणारा पुढे, असं नाही. पदावर असलेल्याला पहिली संधी, असंही नाही. आणि कलम ३८ नुसार राष्ट्राध्यक्ष आपल्या अधिकारातल्या कामासाठी कोणत्याही न्यायालयाला उत्तरदायी नाहीत. म्हणजे निवड त्यांची आणि तिच्यावर दाद नाही.

तेव्हा सांजवात, तुमच्याशी थोडा असहमत. पांडेंनी क्राउन प्लाझा हॉटेलातल्या त्या करारात जे 'देऊन टाकलं', ते मुळात त्यांच्या हातात नव्हतंच. करार झाला नसता तरी रॉबिन्सनच ठरवणार होते.

रेवातीर

@कलम_७६, इथे मी अडते. वेस्टमिन्स्टर (ब्रिटिश संसदीय) पद्धतीचा संकेत असा की, त्रिशंकू स्थितीत पदावरचा पंतप्रधान राजीनामा देईपर्यंत पंतप्रधानच असतो. तो सभागृहापुढे जातो आणि तिथे हरला तर पायउतार होतो. पांडे कोणताही करार न करता 'मी सभागृहाला सामोरा जातो' म्हणाले असते, तर रॉबिन्सन यांना त्यांना बाजूला करायला सबळ कारण द्यावं लागलं असतं. कराराने ती जबाबदारी हलकी केली. अधिकार गेला नाही हे खरं, पण तक्रार करायची जागा गेली. निवड जाहीर झाल्यावर पांडेंनी ती झिडकारली आणि नव्या निवडणुका मागितल्या, तेव्हा लोक साहजिकच विचारू लागले की मग शब्द का दिलात?

कलम_७६

तक्रारीची जागा गेली, हे मान्य. चांगला मुद्दा.

दर्यावर्दी

कायदा बाजूला ठेवून त्या दोघांचा इतिहास बघा. माझ्या मते तो कलम ७६ पेक्षा जास्त सांगतो.

१५ डिसेंबर १९८६: रॉबिन्सन यांच्या नेतृत्वाखाली एनएआर आघाडी ३६ पैकी ३३ जागा जिंकते. पीएनएमची तीस वर्षांची सत्ता जाते. आघाडीतला सर्वांत मोठा भारतीय वंशाचा मतदार पांडेंनी आणलेला. पांडे परराष्ट्रमंत्री.

१९८८: रॉबिन्सन पांडेंना मंत्रिमंडळातून काढतात. १९८९ ला पांडे यूएनसी स्थापतात.

६ नोव्हेंबर १९९५: पीएनएम १७, यूएनसी १७, एनएआर २. त्या दोन जागा टोबॅगोच्या, त्यातली एक खुद्द रॉबिन्सन यांची. ते आपलं वजन पांडेंच्या पारड्यात टाकतात. ज्याने काढलं होतं त्यानेच पंतप्रधान केलं.

१९९७: पांडे रॉबिन्सन यांना राष्ट्राध्यक्ष करतात.

२००१: रॉबिन्सन पांडेंऐवजी मॅनिंगना निवडतात आणि कारण देतात 'नैतिक आणि आध्यात्मिक मूल्यां'चं.

'राजकारणाची स्वतःची नीतिमत्ता असते' हे पांडेंचं गाजलेलं वाक्य त्या देशात आजही उद्धृत होतं. रॉबिन्सन यांनी निवडलेले शब्द त्या वाक्याला दिलेलं उत्तर होतं, असं मला ठामपणे वाटतं.

मैनाराणी

बाप रे. दोनदा काढलं, एकदा बसवलं! हे कोणी कादंबरीत लिहिलं तर ओढूनताणून वाटेल.

सांजवात

@दर्यावर्दी, म्हणजे माझं म्हणणं पक्कंच झालं की! शिवाय इशारा आधीच मिळाला होता. डिसेंबर २००० ची निवडणूक यूएनसीने १९-१६-१ अशी जिंकली. पांडेंनी पडलेल्या सात उमेदवारांना सिनेटवर, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, घेऊन मंत्री करायचं ठरवलं आणि रॉबिन्सन यांनी नेमणुका कित्येक आठवडे अडवून धरल्या. न्यायाधीशाचा कल कळल्यावरही त्याच्याचपुढे दावा?

कलम_७६

त्या सिनेट प्रकरणात कायदा पांडेंच्या बाजूने होता. सिनेटमध्ये ३१ जागा: १६ पंतप्रधानांच्या सल्ल्याने, ६ विरोधी पक्षनेत्याच्या सल्ल्याने, ९ राष्ट्राध्यक्षांच्या स्वतःच्या निवडीने. पहिल्या सोळांत राष्ट्राध्यक्षांना स्वतःचं मत नाही, आणि पराभूत उमेदवार नको अशी अटही घटनेत नाही. अखेर रॉबिन्सन यांना नेमणुका कराव्याच लागल्या. 'मतदारांनी नाकारलेले मागच्या दाराने का?' हा त्यांचा प्रश्न राजकीयदृष्ट्या वजनदार होता, पण घटनेत त्याला आधार नव्हता. हा फरक मोलाचा आहे. २००१ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष घटनेच्या चौकटीबाहेर ताणत होते, २००१ च्या डिसेंबरात ते चौकटीच्या आत होते.

उसाचं_चिपाड

सगळे राष्ट्राध्यक्षांवरच बोलताय. १८-१८ आलंच कशामुळे, ते बघा. १९ जागा हातात असताना निवडणूक का लागली? ॲटर्नी जनरल रमेश लॉरेन्स महाराज, ट्रेव्हर सुदामा आणि राल्फ माराज हे तिघं सरकारमधल्या भ्रष्टाचाराचा प्रश्न घेऊन उलटले. महाराज यांना ऑक्टोबर २००१ मध्ये पदावरून काढलं. तिघं गेले की १९ चे १६ होतात. संसद विसर्जित करण्यावाचून मार्ग उरला नाही. एका वर्षात दुसरी निवडणूक.

वकिलाची चूक शोधायची तर ती इथे आहे. घरातला वाद घरात मिटवता आला नाही. १९७७ मध्ये यूएलएफ या पांडेंच्या आधीच्या पक्षात हेच घडलं होतं, पांडेंना बाजूला करून रफीक शाह विरोधी पक्षनेते झाले आणि पुढच्या वर्षी पांडे परतले. १९८८ ला एनएआरमध्ये तेच. २००६-०७ ला विन्स्टन डुकेरन यूएनसीतून बाहेर पडले आणि त्यांनी नवा पक्ष काढला. आघाडी बांधण्यात पांडेंसारखा दुसरा नव्हता. पण बांधलेली टिकली नाही.

शुभ्रकमळ

अवांतर: कॅरिबियनमध्ये इतके वकील राजकारणात कसे? जमैकाचे नॉर्मन मॅन्ली, बार्बाडोसचे ग्रँटली ॲडम्स आणि एरोल बॅरो, डॉमिनिकाच्या युजिनिया चार्ल्स, गयानाचे फोर्ब्स बर्नहॅम. रॉबिन्सनसुद्धा वकीलच.

लिंकन_गल्ली

@शुभ्रकमळ, कारण अगदी व्यवहारी आहे. वेस्ट इंडिज विद्यापीठाची कायदा विद्याशाखा १९७० ला बार्बाडोसच्या केव्ह हिल इथे सुरू झाली. त्यापूर्वी बॅरिस्टर व्हायचं तर लंडनच्या चार इन्सपैकी एकात नाव घालायचं, ठरलेली सत्रं तिथे जेवणं घ्यायची, परीक्षा द्यायची. लंडनमध्ये घाना, भारत, जमैका, गयाना इथले विद्यार्थी एकाच खाणावळीत भेटत. राजकारण शिकायला याहून चांगली जागा नव्हती. आणि परत आल्यावर वकील स्वतंत्र धंद्याचा असे. सरकारी नोकराला राजकारण करता येत नसे, मळ्यातल्या कारकुनाची नोकरी जात असे. वकिलाला कोणी काढू शकत नसे.

गंमत अशी की २००१ चा पेच म्हणजे एक वकील विरुद्ध एक भूगर्भशास्त्रज्ञ (मॅनिंग तेल कंपनीत भूगर्भशास्त्रज्ञ होते) आणि निवाडा देणारा पुन्हा वकील.

पुणेरी_पगडी

अवांतरात अवांतर, पण आपल्याशी खरा धागा आहे म्हणून: पांडे लंडनमध्ये असताना चित्रपटांत छोट्या भूमिका करत. त्यांपैकी एक १९६३ चा, गांधीहत्येवरचा. म्हणजे पुण्याच्या नथुराम गोडसेची कथा पडद्यावर आली, तेव्हा त्रिनिदादचा भावी पंतप्रधान तिच्यात किरकोळ भूमिकेत होता. पुढे १९९७ च्या प्रजासत्ताक दिनाला ते दिल्लीत प्रमुख पाहुणे होते आणि २००५ चा प्रवासी भारतीय सन्मानही त्यांना मिळाला. त्या वर्षीचा सोहळा मुंबईत होता.

खाणकामगार

कामगार पुढारी पांडेंवर कोणीच लिहीत नाही, म्हणून लिहितो. वकिली त्यांना सर्वांत जास्त तिथे उपयोगी पडली.

१९६५ च्या औद्योगिक स्थैर्य कायद्याने संपावर कडक बंधनं आणली आणि औद्योगिक न्यायालय स्थापलं. १९७२ मध्ये त्याच्या जागी औद्योगिक संबंध कायदा आला. या कायद्यात संघटनेचं बळ घोषणांवर ठरत नाही, मान्यतेवर ठरतं. मान्यता मंडळाकडे अर्ज करायचा, वाटाघाटीचा गट कोणता ते निश्चित करून घ्यायचं, त्या गटातल्या निम्म्याहून अधिक कामगारांचं सभासदत्व सिद्ध करायचं, मग प्रमाणपत्र. ते मिळालं की मालकाला बोलणी टाळता येत नाहीत. इथे ज्याला कागद वाचता येतो तो जिंकतो. पांडे १९७३ मध्ये साखर कामगार संघटनेचे अध्यक्ष झाले, ते नेमक्या या काळात.

ऊस शेतकऱ्यांची गोष्ट आणखी अवघड होती. १९६५ च्याच एका कायद्याने सगळ्या ऊस शेतकऱ्यांच्या वतीने बोलायचा हक्क एका जुन्या संघटनेला दिलेला. रफीक शाह यांच्या नव्या संघटनेकडे शेतकरी होते, पण मान्यतेची वाटच कायद्याने बंद. फेब्रुवारी १९७५ मध्ये साखर, तेल, ऊस शेती आणि वाहतूक अशा चार क्षेत्रांतल्या संघटना एकत्र आल्या: पांडे, जॉर्ज वीक्स, शाह आणि जो यंग. १८ मार्च १९७५ चा त्यांचा मोर्चा पोलिसांनी सॅन फर्नांडोत मोडला. तेलातले कामगार बहुतांशी आफ्रिकी वंशाचे, उसातले भारतीय वंशाचे, आणि ते एका रस्त्यावर चालले. हीच एकजूट १९७६ मध्ये यूएलएफ म्हणून निवडणुकीत उतरली आणि १० जागा घेऊन मुख्य विरोधी पक्ष झाली.

रेवातीर

सुंदर प्रतिसाद. पण याच माणसाने पंतप्रधान झाल्यावर जीभ सैल सोडली, हेही नोंदवायला हवं. १९९७ च्या आगमन दिनाच्या भाषणात त्यांनी वृत्तपत्र उद्योजक केन गॉर्डन यांना 'छद्म-वंशवादी' म्हटलं. बदनामीचा दावा झाला, पांडे हरले, प्रकरण शेवटच्या अपिलाच्या न्यायालयापर्यंत, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि २००५ मध्ये तिथेही हरले. बदनामीचा कायदा वकिलाला शिकवायला लागू नये. वृत्तपत्रांशी त्यांनी कायम भांडण मांडलं, आणि त्याने त्यांचं सरकार लोकांच्या नजरेत होतं त्याहून असुरक्षित वाटू लागलं.

लिंकन_गल्ली

प्रिव्ही कौन्सिलचा विषय निघालाच आहे तर: ते अपील लंडनऐवजी आपल्याच भागात व्हावं म्हणून कॅरिबियन न्यायालयाचा करार फेब्रुवारी २००१ मध्ये झाला, त्यावर पांडे सरकारची सही आहे. न्यायालयाचं मुख्यालयही पोर्ट ऑफ स्पेनला आलं, एप्रिल २००५ मध्ये उद्घाटन झालं. पण घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं आणि तोवर विरोधी पक्षात गेलेल्या यूएनसीने पाठिंबा दिला नाही. परिणाम: न्यायालय ज्या शहरात आहे त्या देशाची शेवटची अपिलं अजून लंडनला जातात. मला हे त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं अपूर्ण काम वाटतं, २००१ पेक्षाही मोठं.

शुभ्रकमळ

आणि ते लंडनच्या बँक खात्याचं प्रकरण? निर्दोष सुटले का शेवटी?

कलम_७६

टप्प्याटप्प्याने सांगतो, कारण यावर अर्धवट माहिती फार फिरते.

सार्वजनिक पदावरच्या व्यक्तीने दरवर्षी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं विवरण सचोटी आयोगाकडे द्यायचं असतं. १९९७, ९८ आणि ९९ या तीन वर्षांच्या विवरणांत लंडनचं एक खातं दाखवलं नव्हतं, हा आरोप २००२ मध्ये झाला. बचाव असा की खातं पत्नीचं, मुलांच्या शिक्षणासाठीचं. २४ एप्रिल २००६ ला मुख्य दंडाधिकाऱ्यांनी दोन वर्षांची शिक्षा दिली. विरोधी पक्षनेतेपद गेलं आणि तिथे कमला प्रसाद-बिसेसर आल्या. मार्च २००७ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. कारण खात्याबद्दलचं नव्हतं, दंडाधिकारी निःपक्षपाती असल्याबद्दल वाजवी शंका येते, हे होतं. फेरसुनावणीचा आदेश झाला. पांडेंनी त्याविरुद्ध प्रिव्ही कौन्सिल गाठलं, २००८ मध्ये तिथे हरले. फेरसुनावणी रखडत राहिली आणि २०१२ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी खटला निकाली काढून त्यांना मोकळं केलं.

म्हणजे 'दोषी' ही नोंद टिकली नाही. पण ज्या माणसाने आयुष्यभर कागद वाचून लढे दिले, त्याचा दहा वर्षांचा काळ वार्षिक विवरणाच्या एका रकान्यात गेला.

दर्यावर्दी

मूळ प्रश्नावर एक गोष्ट कोणीच लिहिली नाही, म्हणून पुन्हा आलो. मॅनिंगना नेमल्यानंतर पांडेंच्या हातात काय उरलं? सभापतीची निवड!

घटनेनुसार निवडणुकीनंतर सभागृह भरलं की इतर कोणतंही काम करण्याआधी सभापती निवडावा लागतो. ५ एप्रिल २००२ ला सभागृह भरलं. जे नाव पुढे येईल त्याला १८ बाजूने, १८ विरोधात. सभापती नाही म्हणजे पुढचं कामकाज नाही, विधेयक नाही, अर्थसंकल्प नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. त्रिनिदादचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, अर्थसंकल्पाविना सरकार फार काळ चालत नाही. त्यामुळे ७ ऑक्टोबर २००२ ला निवडणूक घ्यावीच लागली. पांडेंनी दादच नसलेल्या निर्णयावर अशी दाद मिळवली. वकिलाने केलेली याहून अचूक चाल मला त्या कारकिर्दीत दिसत नाही.

रेवातीर

आणि निकाल? पीएनएम २०, यूएनसी १६.

दर्यावर्दी

हो. साडेनऊ महिने मॅनिंग संसदेविना का होईना, पंतप्रधान म्हणून लोकांसमोर होते. पांडेंकडे लोकांना दिसत होता तो नकार.

उसाचं_चिपाड

या सगळ्यातून एक दुरुस्ती मात्र झाली. ३६ ही समसंख्या होती, ३४ त्रिनिदादच्या आणि २ टोबॅगोच्या. २००७ पासून ४१ जागा झाल्या, ३९ आणि २. समसमान येण्याची भीती बरीच कमी झाली. पण २००७ मध्ये दुसराच प्रश्न समोर आला. डुकेरन यांच्या पक्षाला साधारण २२ टक्के मतं मिळाली, जागा शून्य. विरोधी मतं फुटली, पीएनएमला २६ जागा. १९८१ मध्ये ओएनआर या पक्षाचं अगदी असंच झालं होतं, तिथेही २२ टक्क्यांच्या आसपास मतं आणि एकही जागा नाही. तो धडा घेऊनच १९८६ ची आघाडी बांधली होती, आणि ती बांधणाऱ्यांत पांडे होते.

सांजवात

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. माझं मत बदललं आहे, ते लिहिते.

मी म्हटलं होतं की पांडेंनी कागद सोडला आणि माणसावर भरवसा ठेवला. आता वाटतं, कलम ७६ बद्दल ते चुकले नव्हतेच, तिथे त्यांच्या हातात काही नव्हतं. रेवातीर म्हणतात ती तक्रारीची जागा गमावली, एवढं खरं. आणि सभापतीच्या निवडीवर त्यांनी कागद किती पक्का वाचला होता, ते दर्यावर्दींनी दाखवलं. चूक झाली ती ऑक्टोबर २००१ मध्ये, तीन सहकाऱ्यांशी बोलणी तुटली तेव्हा. साखर कारखान्याच्या मालकाशी रात्रभर वाटाघाटी करणारा माणूस स्वतःच्या ॲटर्नी जनरलशी तेवढा वेळ बसला नाही.

खाणकामगार

याच्याशी पूर्ण सहमत. २४ जानेवारी २०१० च्या पक्षांतर्गत निवडणुकीतही तेच दिसलं. समोर कमला प्रसाद-बिसेसर, पांडेंनीच पुढे आणलेल्या, त्याही वकील. पांडे मोठ्या फरकाने हरले. चार महिन्यांनी, २४ मे २०१० ला, कमलाबाईंनी डुकेरन यांचा पक्ष, कामगार संघटनांचा गट आणि टोबॅगोचा पक्ष यांना एकत्र आणून ४१ पैकी २९ जागा जिंकल्या. १९७५ ला सॅन फर्नांडोच्या रस्त्यावर जी मोट बांधली होती, तीच. पांडे त्या निवडणुकीत उमेदवार नव्हते.